आधी झाडू, मग कीर्तन

दसरा आटोपला की परतवाड्याच्या बाजारात भोंगे फिरायला लागतात. ऑटोच्या टपावर दोन कर्णे, मागे फ्लेक्स, आत एक पोरगा आणि पेनड्राइव्हवर भरलेला आवाज. साडी सेंटर, मोबाइल शॉपी, नवं मिठाईचं दुकान, कोचिंग क्लास, दातांचा दवाखाना. माल निरनिराळा, पण आवाज एकच आणि सुरुवातही एकच: खुशखबर, खुशखबर, खुशखबर. एका सकाळी मी मुद्दाम चहाच्या ठेल्यावर अर्धा तास उभा राहिलो. चार ऑटो गेले. शेजारी चहा घेणाऱ्या कास्तकाराला विचारलं, ‘‘भाऊ, आता गेला तो कायचा होता?’’ तो म्हणाला, ‘‘ध्यान नाही देलं बाप्पा.’’

ज्या चार दुकानदारांनी ऑटोचे, आवाजाचे, फ्लेक्सचे पैसे मोजले होते, त्यांच्यापर्यंत हे उत्तर कधीच पोचणार नाही. धंदा चालला नाही तर ते म्हणतील, गावात पैसाच नाही. चालला तर पुढच्या वर्षी दोन ऑटो लावतील. आपला आवाज कोणी ऐकला का आणि ऐकून त्याला आपल्याबद्दल काय वाटलं, हे विचारायची सवय आपल्या बाजाराला लागलेली नाही. अचलपूर-परतवाड्यातले दुकानदार, संत्रा बागायतदार, बचतगटाच्या बाया, खासगी शाळा, दवाखाने आणि ‘सोशल मीडिया मॅनेजर’ अशी पाटी लावून बसलेली वीस-बावीस वर्षांची मुलं या सगळ्यांसाठी हा लेख आहे.

तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, ते आधी वेगळे करू. जाहिरात म्हणजे जागा विकत घेऊन आपण स्वतःबद्दल बोलणं. प्रसिद्धी म्हणजे दुसऱ्याने आपल्याबद्दल बोलणं, मग ते वर्तमानपत्र असो की पानटपरी. जनसंपर्क या दोन्हींच्या मुळाशी असतो. लोकांचं आपल्याविषयी मत कशाने बनतं, याची रोजच्या रोज घेतलेली काळजी म्हणजे जनसंपर्क. ही काळजी कशी घ्यायची ते शिकायला न्यूयॉर्कपर्यंत जावं लागत नाही. या विषयातला सगळ्यात मोठा गुरू आपल्या शेजारच्या तालुक्यात जन्मला.

शेंडगावचा माणूस

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. लहानपण गेलं मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, मामाकडे. १९०५मध्ये घर सोडलं, ते पुन्हा घरात राहण्यासाठी परतले नाहीत. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगं, हातात झाडू. संत म्हणून त्यांची पूजा करताना आपण एक गोष्ट विसरतो: विसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात खेड्यापाड्यांपर्यंत इतका खोल पोचलेला माणूस विरळा. तेव्हा दूरचित्रवाणी नव्हती, बाबांकडे छापखाना नव्हता आणि ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं.

त्यांची पद्धत आठवून पाहा. बाबा गावात येत आणि काही न बोलता रस्ते, गटारं झाडायला लागत. कोण आहे हा, कुठून आला, पैसे किती घेतो, असे प्रश्न गावात फिरत. लाजेने म्हणा, कुतूहलाने म्हणा, चार माणसं हातात झाडू घेत. संध्याकाळी तोच माणूस कीर्तनाला उभा राही. एव्हाना त्याच्या बोलण्याची खात्री पटलेली असे, कारण सकाळी त्याचे हात लोकांनी पाहिलेले असत. कीर्तनाची भाषा वऱ्हाडी. अवघड शब्द नाही, लांबलचक उपदेश नाही. ते प्रश्न विचारत, लोक उत्तर देत आणि उत्तर देतादेताच आपलं काय चुकतं ते लोकांना उमगे. मिळालेल्या पैशांतून नाशिकला, पंढरपूरला धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यांचा कारभार विश्वस्तांकडे. बाबांची स्वतःची मालमत्ता तीच, गाडगं आणि झाडू.

जनसंपर्काचं सगळं शास्त्र या क्रमात आहे. आधी काम, मग बोलणं. बोलणं ऐकणाऱ्याच्या भाषेत. बोलता बोलता त्याचं ऐकून घेणं. आणि हिशेब उघडा. आमचे बहुतेक व्यावसायिक हा क्रम उलटा लावतात. दुकानाला अजून शटर बसायचं असतं, पण चौकात चाळीस फुटी फ्लेक्स लागलेला असतो. त्यावर मालकाचा फोटो, त्याच्या भावाचा, नेत्याचा, नेत्याच्या मुलाचा. दुकानात काय मिळेल, कितीला मिळेल आणि किती वाजेपर्यंत उघडं असेल, एवढंच नसतं.

एखाद्या धंद्याला प्रसिद्धी हवी असेल तर मी पहिला प्रश्न विचारतो: तुमचा झाडू कोणता? कोणतं काम तुम्ही असं करता, की तुम्ही तोंड उघडण्याआधीच लोक त्याबद्दल बोलतील? कोणी बियाणं विकताना पक्की पावती देतो. कोणी मिठाईच्या ट्रेवर बनवल्याची तारीख लिहितो. एखादा डॉक्टर फी दारावर लावतो. एखादा कोचिंगवाला निकालाच्या जाहिरातीत शंभर मुलांपैकी किती पास झाली ते खरं सांगतो. यांतलं एक जरी असेल तर सांगण्यासारखी गोष्ट हाताशी आहे. यांतलं काहीच नसेल, तर प्रसिद्धीचा पैसा आधी तिथे घालावा.

शकुंतलेची बातमी

बातमी मिळाली म्हणजे काम झालं, असं मानणाऱ्याने अचलपूरच्या रेल्वे स्टेशनावर एक चक्कर मारावी.

मूर्तिजापूर ते अचलपूर, सुमारे ७६ किलोमीटरची अडीच फुटी नॅरोगेज लाइन. मूर्तिजापूरहून दुसरी शाखा यवतमाळला. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाइनीपर्यंत नेण्यासाठी किलिक निक्सन या व्यापारी पेढीच्या पुढाकाराने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी निघाली आणि तिने हे रूळ टाकले. लोकांनी गाडीला नाव दिलं शकुंतला. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन ही गाडी सत्तर वर्षं ओढत राहिलं. १५ एप्रिल १९९४ला त्याच्या जागी डिझेल आलं. देशभरातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण ही लाइन खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली आणि रेल्वे तिच्याशी करार करत राहिली.

इथेच बातमी जन्मली: स्वतंत्र भारतातली इंग्रजांची रेल्वे. हे वाक्य इतकं चटकदार होतं, की देशोदेशीच्या पत्रकारांनी ते उचललं. दर पंधरा ऑगस्टला कुठे ना कुठे ते छापून येतं आणि मोबाइलवर फिरतं. एखाद्या आडबाजूच्या गाडीला याहून जास्त प्रसिद्धी क्वचितच मिळाली असेल. गाडी मात्र गेली काही वर्षं बंद आहे. रुळांवर काटेरी झुडपं वाढली. शकुंतला वाचवा म्हणत इथल्या लोकांनी निवेदनं दिली, सत्याग्रह केले, ब्रॉडगेजची मागणी लावून धरली.

मला या गोष्टीत प्रसिद्धीचा एक मोठा धडा दिसतो. जी बातमी जगभर गेली ती मालकीची होती. गाडीची गरज कोणाला आहे, ही बातमी तेवढी गेली नाही. स्वस्त तिकिटावर शाळेला जाणारी मुलं, भाजीचं गाठोडं घेऊन बाजाराला निघालेली बाई, एसटी न पोचणारी गावं, हे सगळं त्या चटकदार वाक्याच्या मागे झाकून गेलं. वाचणाऱ्याला आश्चर्य वाटलं, त्याने पुढे पाठवलं आणि विसरला. आश्चर्य वाटणं आणि कळकळ वाटणं यांत फरक असतो. म्हणून प्रसिद्धीचं काम हाती घेताना पहिल्याच दिवशी कागदावर लिहावं: हे वाचून कोणी काय करावं असं आपल्याला वाटतं? गिऱ्हाइकाने दुकानात यावं, अधिकाऱ्याने फाइल काढावी, की शेजाऱ्याने सोबत उभं राहावं? उत्तर लिहिता येत नसेल तर मथळा कितीही मोठा मिळो, तो दुसऱ्या दिवशी रद्दीत जाणार.

योगायोग असा, की जनसंपर्काच्या व्यवसायाचा आधुनिक इतिहासही रेल्वेपाशीच सुरू होतो. २८ ऑक्टोबर १९०६ला अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात पडली. पन्नासहून अधिक माणसं गेली. असे अपघात दडवायची कंपन्यांची रीत होती. त्या कंपनीचा सल्लागार आयव्ही ली याने उलट केलं. काय घडलं ते लिहून पत्रकारांना दिलं आणि त्यांना घटनास्थळी नेण्याची सोय केली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते निवेदन जसंच्या तसं छापलं. जगातली पहिली प्रेसनोट म्हणून तिचं नाव घेतलं जातं. म्हणजे हा कागद जन्मला तो उद्घाटनाच्या फितीसाठी नव्हे, अपघाताची खरी माहिती देण्यासाठी.

आपल्याकडेही रेल्वेच पुढे होती. शकुंतला ज्या जी.आय.पी. रेल्वेकडून चालवली जायची, त्या रेल्वेने १९२०च्या दशकात प्रवासाला लोक यावेत म्हणून जत्रांमधून फिरता सिनेमा दाखवला. जत्रा, पडदा, अंधार आणि मांडी घालून बसलेले लोक. गर्दी जिथे आपल्या पायांनी येते तिथे आपण जायचं, हे तेव्हाही ठाऊक होतं.

संत्रं कोणाचं?

नावाच्या ताकदीचं उदाहरण इथल्या वावरात लटकलेलं आहे. संत्र्याखालचं सगळ्यात जास्त क्षेत्र राज्यात अमरावती जिल्ह्याचं. वरुड, मोर्शी, चांदूरबाजार, अचलपूर हा सगळा पट्टा बागांचा. परतवाड्याच्या आसपास हंगामात प्रतवारी आणि पॅकिंग जोरात चालतं. पण दिल्लीच्या किंवा कोलकात्याच्या गिऱ्हाइकाला विचारा, संत्रं कुठलं? तो नागपूर म्हणेल. २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेही ‘नागपूर संत्रा’ याच नावाने. त्यात नागपूरचा काही दोष नाही. तिथे मोठी बाजारपेठ होती, मुख्य लाइनीवरचं जंक्शन होतं आणि गाडीत भरलेल्या पेटीला तिथलं नाव चिकटलं. आम्ही झाड लावलं, पाणी दिलं, कोळशी आणि फळगळ सोसली. नाव देणं तेवढं राहून गेलं.

आजही शेकडो पेट्या इथून जातात आणि त्यांवर व्यापाऱ्याचं नाव असतं, गावाचं नसतं. कास्तकाराने एवढं केलं तरी सुरुवात होईल: पेटीत एक चिठ्ठी. गाव, तालुका, आंबिया की मृग बहार, तोडणीची तारीख, फोन नंबर. चिठ्ठीवर एकही विशेषण नको. खाणाऱ्याला फळ आवडलं तर पुढच्या वर्षी त्याला कोणाला विचारायचं ते कळेल. ज्या मालाला पत्ता नाही त्याला पुन्हा येणारं गिऱ्हाईक नाही.

अंजनगावकडची पानपिंपळी याहून गुमनाम. पानमळ्यांच्या त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या तिची शेती चालते. सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून त्रिकटू होतो, हे घरोघरी ठाऊक आहे. पण यातली पिंपळी आपल्या शेजारी पिकते, हे पुण्या-मुंबईच्या किती माणसांना माहीत असेल? चिखलदऱ्याच्या कॉफीचंही तेच. महाराष्ट्रात कॉफीचे मळे म्हटले की चिखलदराच. पर्यटक धबधबा आणि गाविलगड बघून फोटो काढतो, कॉफी मात्र पाकिटातली पिऊन परततो. सांगण्यासारखं भरपूर आहे, सांगणारे कमी. ज्या मुलांना प्रसिद्धीचं काम शिकायचं आहे त्यांनी मुंबईच्या कंपनीची वाट बघण्याआधी या तीन पिकांकडे पाहावं.

प्रेसनोट नावाचा कागद

आता कामाचं बोलू. तालुक्याच्या वार्ताहराच्या मोबाइलवर दिवसाला ढीगभर प्रेसनोट पडतात. त्यांतल्या बहुतेक अशा असतात: ‘समाजाप्रती बांधिलकी जपणारे, उदयोन्मुख, मनमिळाऊ युवा उद्योजक यांच्या प्रतिष्ठानाचे मान्यवरांच्या शुभहस्ते थाटात उद्घाटन संपन्न झाले. याप्रसंगी बहुसंख्य नागरिक उपस्थित होते.’ पुढे पंचवीस नावं. यात बातमी कुठे आहे? उद्घाटन झालं, याने वाचकाचं काय बदललं?

तीच गोष्ट अशी लिहून पाहू. समजा, कोणी संत्रा प्रतवारीचं यंत्र बसवलं आहे. ‘अचलपूर तालुक्यातल्या संत्रा उत्पादकांना फळाची प्रतवारी आता परतवाड्यात करून घेता येईल. येत्या सोमवारपासून केंद्र सुरू होत असून सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत माल घेतला जाईल. दर क्विंटलमागे आकारला जाईल आणि वजनाची पावती जागेवरच मिळेल.’ इथे दर किती, तो आकडा लिहायचा. यंत्र ताशी किती माल काढतं, तो आकडा लिहायचा. मालकाचं नाव तिसऱ्या परिच्छेदात आलं तरी बिघडत नाही. कास्तकार बातमी कापून खिशात ठेवील ती दर आणि वेळेसाठी.

काही बारीकसारीक गोष्टी कुठल्या पुस्तकात सापडत नाहीत. कागदावर लिहिलेल्या प्रेसनोटचा फोटो काढून पाठवू नका. वार्ताहराला ती पुन्हा टाइप करावी लागते आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर सरळ संदेशात पाठवा. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर त्याचा दर्जा जातो आणि छपाईत चेहरे काळे येतात. फोटोतली नावं डावीकडून उजवीकडे लिहा, प्रत्येक नावाची वेलांटी तपासा. पानं संध्याकाळी लागतात, म्हणून दुपारपर्यंत मजकूर पोचवा. फोन करून ‘लावा बरं का’ म्हणण्यापेक्षा ‘काही माहिती कमी पडते का?’ असं विचारा. आणि पत्रपरिषद तेव्हाच घ्या, जेव्हा तुमच्याकडे पत्रकारांच्या प्रश्नांची उत्तरं असतील. नाश्त्यासाठी पत्रपरिषद घेणाऱ्याला नाश्त्याएवढीच बातमी मिळते.

आकड्यांबाबत माझी स्वतःची चूक सांगतो. उमेदीच्या काळात मी एका संस्थेच्या कार्यक्रमाची प्रेसनोट लिहिली आणि ‘हजारोंची उपस्थिती’ असं लिहून मोकळा झालो. खुर्च्या चारशे होत्या. एका ज्येष्ठ वार्ताहराने वाचलं, कागद परत केला आणि शांतपणे म्हणाला, ‘‘हे तुमी खरं लिवलं असतं, तर बाकीचंही मी खरं धरलं असतं.’’ त्यानंतर कितीतरी दिवस माझा प्रत्येक आकडा तो दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा. विश्वास हा या धंद्याचा भांडवली पैसा. मी तो एका शब्दात उडवला होता आणि परत मिळवायला दोन वर्षं लागली.

तालुक्याच्या वार्ताहराची अडचणही समजून घ्या. त्याचं मानधन तुटपुंजं असतं आणि घर बरंचसं जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. म्हणून दिवाळीत तो तुमच्याकडे विशेषांकाची जाहिरात मागायला येतो. परवडत असेल तर द्या, नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. पण जाहिरात ही जाहिरात म्हणूनच छापा, तिला बातमीचे कपडे घालू नका. २००९च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात ‘पेड न्यूज’चा प्रकार उघडा पडला. वाचकाच्या मनात छापील शब्दाविषयी जी शंका तेव्हा बसली ती अजून पुरती गेलेली नाही. विकत घेतलेल्या बातमीने एक दिवस मिरवता येतं, पण ज्या दिवशी खरी बातमी सांगायची असेल त्या दिवशी कोणी ऐकत नाही.

वाईट दिवस

जनसंपर्काची खरी परीक्षा वाईट दिवशी होते. ऑक्टोबर २००३मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या. ऐन दिवाळीचे दिवस होते. कंपनीने आधी बोट दाखवलं ते दुकानातल्या साठवणुकीकडे. लोकांना ते पटलं नाही आणि विक्री घसरली. मग कंपनीने ‘विश्वास’ नावाची मोहीम घेतली, दुकानदारांकडच्या साठवणुकीची तपासणी केली, वेष्टन बदलून अधिक घट्ट केलं आणि त्यानंतर अमिताभ बच्चन यांना घेऊन जाहिरात केली. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वेष्टन आधी बदललं, अमिताभ नंतर आले. इथेही आधी झाडूच.

हे अचलपूरच्या मिठाईच्या दुकानाला लावून पाहू. समजा, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तुमचे पेढे खाऊन एका घरात चौघांना उलट्या झाल्या आणि दुपारपर्यंत मोबाइलवर संदेश फिरायला लागला. दुकानदाराचं मन म्हणतं, गप्प बसा, दोन दिवसांत विसरतील. विसरत नाहीत. पहिल्या तासात चार गोष्टी कराव्या. त्या घाण्यातली सगळी विक्री थांबवावी. दवाखान्यात स्वतः जावं, माणूस पाठवू नये. नमुना राखून ठेवावा आणि अन्न व औषध प्रशासनाला स्वतःहून कळवावं. मग एकच निवेदन काढावं: काय घडलं, आम्ही काय केलं, पुढची माहिती कधी देऊ. कारण माहीत नसेल तर ‘तपासणी सुरू आहे’ एवढंच म्हणावं. विरोधकांचं कारस्थान, दूधवाल्याची चूक असलं काही लिहू नये. घरचा कोणी आजारी पडल्यावर आपण जसं वागतो तसं वागणं, हाच वाईट दिवसाचा जनसंपर्क.

आपल्या गावाला आणखी एक जबाबदारी आहे. एप्रिल २०२२मध्ये झेंड्यांच्या वादातून अचलपुरात ताण वाढला आणि संचारबंदी लागली. अशा दिवसांत बाजार बंद राहतो आणि रोजावर जगणाऱ्या माणसाची चूल विझते. ज्याच्या मोबाइलमध्ये पंचवीस ग्रुप आणि हातात दहा पेज आहेत, अशा प्रसिद्धीच्या माणसाने तेव्हा न तपासलेली एक ओळही पुढे पाठवू नये. लोकांपर्यंत पोचायची ताकद ज्याच्याकडे आहे, त्याने हात आवरायलाही शिकलं पाहिजे.

ज्यांना हेच काम करायचं आहे

या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं विचारतात, कोर्स कुठला करू? शिक्षणासाठी लांब जायची गरज नाही. भारतीय जनसंचार संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र २०११पासून अमरावतीत आहे. सरकारी नोकरीत माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे आणि जिल्ह्या-जिल्ह्यांत माहिती अधिकारी असतात. पण पदवी हातात येईपर्यंत थांबू नका. गावातला एक बचतगट किंवा एखादी दूध सोसायटी घ्या आणि सहा महिने तिचं काम करा. तिच्या बायांसोबत बसा, पापड लाटताना किती मोडतात ते बघा, गिऱ्हाईक काय तक्रार करतं ते वहीत लिहा. सहा महिन्यांनी तुमच्याकडे सांगण्यासारखी खरी गोष्ट असेल.

कामाचं मोजमाप कात्रणांवर करू नका, लाइकवर तर नकोच. दुकानात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला ‘आमच्याबद्दल कुठे ऐकलं?’ एवढं विचारून वहीत रेघ ओढायला सांगा. महिनाअखेर त्या रेघा मोजल्या की भोंग्यावर खर्च करावा, की रेडिओवर, की रीलवर, याचं उत्तर मिळतं. माझा अनुभव असा, की सगळ्यात जास्त रेघा ‘शेजाऱ्याने सांगितलं’ याच रकान्यात पडतात.

कायदा माहीत असू द्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे, आणि तो जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही लागू होऊ शकतो. मधुमेहासारखे आजार मुळासकट बरे करतो म्हणणाऱ्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे. पैसे घेऊन रील केली तर ती जाहिरात असल्याचं त्यावर लिहावं, असे नियम जाहिरात मानक परिषदेने २०२१पासून घातले आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा वाजवता येत नाही. हे पाठ करून ठेवा, कारण अडचण आल्यावर मालक म्हणेल, पोराने केलं.

आणि नाही म्हणायला शिका. एडवर्ड बर्नेज हा या क्षेत्रातला फार हुशार माणूस. १९२९मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टरच्या मिरवणुकीत त्याने तरुणींच्या हातात पेटती सिगारेट दिली आणि तिला स्वातंत्र्याची मशाल म्हटलं. बातमी देशभर गाजली, सिगारेट कंपनी खूश झाली. उतारवयात तोच माणूस धूम्रपानाविरुद्ध बोलत होता. कौशल्य दोन्ही वेळा तेच होतं. ते कोणाच्या पायाशी वाहायचं, हे ठरवायला इतकी वर्षं लागू नयेत.

वीस डिसेंबर

दिवाळी सरली, थंडी पडली की वीस डिसेंबरच्या सुमारास बहिरमची यात्रा भरते. सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाड्याहून थोड्याच अंतरावर, महिनाभराहून अधिक चालणारी. रोडगे आणि हंडीतल्या मटणासाठी लांबून लोक येतात. याच यात्रेत गाडगेबाबांनी देवापुढच्या मुक्या जनावरांच्या बळीविरुद्ध लोकांना समजावलं. आणि वीस डिसेंबर हीच त्यांची पुण्यतिथी. १९५६ साली याच तारखेला अमरावतीला येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी ते गेले.

मागच्या यात्रेत मी मातीची भांडी विकणाऱ्या एका म्हातारीपाशी बराच वेळ बसलो होतो. पाटी नाही, भोंगा नाही, दराचा फलक नाही. बाई येई, हंडी उचले, म्हातारी न बोलता बोटांच्या पेराने हंडीवर टकटक करून आवाज ऐकवे. एका हंडीचा आवाज बोदा आला तेव्हा तिनेच ती बाजूला ठेवली आणि म्हणाली, ‘‘हे नको नेऊ माय, तडकलं हाय.’’ ती बाई दुसरी हंडी घेऊन गेली आणि घटकाभराने आणखी दोघींना सोबत घेऊन आली.